कंबरलँड ते वॉशिंग्टन: सी अँड ओ कालव्याच्या काठाने सायकलवर २९७ किलोमीटर

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या कंबरलँडपासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत, पोटोमॅक नदीला धरून, चेसापीक अँड ओहायो कालवा जातो. सगळे त्याला सी अँड ओ म्हणतात. कालव्यातल्या नावा खेचरं ओढत आणि ती खेचरं काठाने ज्या वाटेवर चालत ती वाट, म्हणजे टोपाथ, आज १८४.५ मैल सलग सायकलने करता येते. वाटेत मोटारी नाहीत, सिग्नल नाहीत, घाट नाही. व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये राहणारी मराठी मंडळी शनिवारी वॉशिंग्टनच्या बाजूच्या ग्रेट फॉल्स धबधब्यापर्यंत जाऊन परत येतात. ज्यांना आता पूर्ण वाट करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की करा: ही वाट सपाट आहे, पण वेगवान नाही. रोजचा पल्ला ठरवताना किलोमीटर मोजू नका. माती ओली आहे का, आणि पुढचं पाणी व पुढचं दुकान कुठे आहे, ते आधी बघा. अर्ध्यातून परतणाऱ्यांचं बहुतेक याच हिशेबात चुकलेलं असतं.

वाट अशी का आहे

पूर्ण कालव्यात चढ-उतार फक्त ६०५ फुटांचा, म्हणजे सुमारे १८४ मीटरचा आहे, आणि तो ७४ लॉकमध्ये, म्हणजे नावा वर-खाली नेणाऱ्या दारांच्या पाण्याच्या कप्प्यांत, वाटलेला आहे. एक लॉक साधारण आठ फुटांचा. त्यामुळे दोन लॉकच्या मधली वाट जवळपास पाण्याच्या पातळीत असते आणि लॉकपाशी एक छोटा, जरा तीव्र उतार लागतो. कंबरलँडहून निघालात तर हे सगळे उतार तुमच्या बाजूने पडतात. उताराचा फायदा थोडाच, पण त्या दिशेने येण्याची कारणं आणखी आहेत: वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, सर्वांत निर्जन भाग अंगात ताकद असताना पहिल्या दोन दिवसांत संपतो, आणि शेवट मोठ्या शहरात होतो.

४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी या कालव्याची पहिली कुदळ मारली. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वेचाही शुभारंभ झाला. रेल्वे कंबरलँडला १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये. तोवर ओहायो नदीकडे जाण्याची दोघांची शर्यत संपली होती, त्यामुळे नावातली ओहायो नदी कालव्याने कधी पाहिलीच नाही. १९२४ च्या पुरानंतर नावा बंद पडल्या. पुढे इथे मोटाररस्ता करायचा बेत निघाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस १९५४ मध्ये ही वाट पायी चालले आणि सोबत वर्तमानपत्राच्या संपादकांनाही घेतलं. १९७१ मध्ये तिचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. आपल्याला ही वाट अखंड मिळते ती त्या चालण्यामुळे. रेल्वेशी संबंध मात्र आजही येतो: बी अँड ओच्या त्याच मार्गावर मालगाड्या रात्रभर धावतात आणि काही मुक्काम रुळांना लागून आहेत. कानात घालायचे बोळे सामानात हवेतच.

कधी जावं

एप्रिलचा शेवट ते मेअखेर, आणि सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरअखेर. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी दमट उकाडा आणि डास यांनी झोप लागत नाही. मुक्कामाच्या जागांवरचे हातपंप साधारण एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच चालू असतात, म्हणून हिवाळ्यात गेलात तर सगळं पाणी गावातूनच न्यावं लागतं. ऑक्टोबरमध्ये गळून पडलेली पानं मुळं आणि खड्डे झाकतात, काळ्या अक्रोडाची हिरवी फळं वाटेवर पडलेली असतात आणि चाकाखाली आली की पुढचं चाक घसरतं. त्या दिवसांत सावलीतून जाताना वेग कमीच ठेवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर बंद पडलेल्या भागांची यादी बघा. पोटोमॅकला पूर आला की सखल भाग बंद होतात आणि पाणी ओसरल्यावरही गाळ काढेपर्यंत बंदच राहतात.

सायकल

बारीक टायरची रोड सायकल नको. ३५ मिलिमीटर हा किमान टायर, ४० ते ४५ उत्तम. सामानासह हवा मागे ४५ ते ५०, पुढे ४० पीएसआयच्या आसपास. याहून जास्त हवा भरली की प्रत्येक मूळ मनगटात आणि माकडहाडात जाणवतं. सस्पेन्शन लागत नाही.

सगळ्यांत महत्त्वाची आहे ती टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा. बऱ्याच भागांत वाटेवर बारीक खडी टाकून नव्याने दाबलेली आहे, पण मधूनमधून जुनी चिकणमाती उघडी आहे. पाऊस पडला की ती टायरला थरावर थर चढवते, मडगार्डखाली घट्ट बसते आणि चाक जागच्या जागी थांबतं, काळ्या रानात पावसाळ्यात सायकल घातल्यासारखं. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर तरी फट हवी. नसेल तर पुढचं मडगार्ड घरी ठेवा आणि मागचं ठेवा, कारण मागचं पाठ आणि कॅरिअरवरचं सामान वाचवतं. चिखल भरलाच तर पॅडल दामटू नका. थांबा, काडीने खरवडा. जोर लावला की चिखलात अडकलेली काडी डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ओढून नेते आणि तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, म्हणजे हँगर, मोडतो. हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि वाटेतल्या दुकानात तुमचा मिळण्याची शक्यता नाहीच. एक जादा हँगर जवळ ठेवा.

बाकी हत्यारं-सामान असं: दोन ट्यूब, पंक्चर पॅच, टायर लिव्हर, हातपंप, अ‍ॅलन पान्यांचा संच, चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या चेनच्या मापाची क्विक लिंक, ब्रेक पॅडची एक जोडी, कॅरिअरला बसणारे तीन-चार एम-५ बोल्ट, प्लॅस्टिकचे टाय, थोडी चिकटपट्टी, चेनचं तेल आणि फडकं. रिम ब्रेक असतील तर पॅडची जोडी विसरूच नका. ओली रेती रिमला चिकटते आणि दोन ओल्या दिवसांत पॅड धातूपर्यंत झिजू शकतात. कॅरिअरचे बोल्ट रोज संध्याकाळी पान्याने तपासा. मुळांच्या सततच्या हादऱ्याने ते हळूहळू सैल होतात आणि एक पडला की सगळा भार दुसऱ्यावर येऊन तो तुटतो.

घंटी आवश्यक आहे. चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट देणं सायकलवाल्याचं काम, आणि मागून जाताना आधी घंटी वाजवून मग शांतपणे पुढे जायचं. वेगमर्यादा ताशी १५ मैल आहे. सामानासह तुम्ही तिच्या जवळही जाणार नाही: कोरड्या वाटेवर थांबे धरून ताशी १२ ते १५ किलोमीटर, चिखलात नऊ-दहा.

सीटबद्दल दोन शब्द. घाटात उताराला पॅडल थांबतं, बूड उचललं जातं, हात मोकळे होतात. इथे तसा उतार येतच नाही. दिवसभर पाय फिरत राहतात आणि वजन एकाच ठिकाणी पडून राहतं, म्हणून सपाट रस्त्यावर सत्तर किलोमीटर सहज करणाऱ्यांनाही दुसऱ्या दिवशी बसवत नाही आणि करंगळ्या बधिर होतात. पॅडची चड्डी घाला, हँडल सीटच्या उंचीला किंवा किंचित वर ठेवा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी शंभर मीटर उभं राहून चालवा. नवी सीट या प्रवासात पहिल्यांदा बसवायची नाही.

कंबरलँडला पोचणं

वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवरून अ‍ॅमट्रॅकची गाडी कंबरलँडला जाते. पूर्वी ती कॅपिटल लिमिटेड होती. नोव्हेंबर २०२४ पासून शिकागो-वॉशिंग्टन-मायामी धावणारी फ्लोरिडियन आहे. तिकिटाबरोबर सायकलची जागा वेगळी आरक्षित करावी लागते आणि त्या जागा मोजक्याच असतात, म्हणून तारीख ठरली की आधी सायकलची जागा आहे का ते बघा, मग बाकीचं. चढण्यापूर्वी सगळ्या बॅगा काढून ठेवा. सायकल उचलून डब्यातल्या कर्मचाऱ्याच्या हाती स्वतः द्यावी लागते. गाडी दुपारी निघून संध्याकाळी पोचते आणि उशीर होणं नेहमीचं आहे. त्यामुळे पहिली रात्र कंबरलँडमध्येच काढा. अंधारात पहिल्या तळावर जायचा बेत करू नका.

गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, विमानातही नाही. म्हणून रेल्वेने जाणाऱ्यांनी चुलीशिवायचं खाणं न्यावं, आणि त्यात आपण नशीबवान आहोत. पातळ पोहे, मेतकूट, भाजलेले दाणे, मीठ, तिखट आणि डाळं एकत्र करून पिशव्या भरा. माणशी एका वेळेला दीड वाटी. डब्यात अर्धी वाटी थंड पाणी शिंपडून दहा मिनिटं झाकलं की जेवण तयार. दशम्या तीन दिवस टिकतात, बेसनाचे किंवा डिंकाचे लाडू पूर्ण प्रवासभर. शाकाहाऱ्यांना छोट्या गावांत पिझ्झा, बीन्सचा बरिटो आणि शेंगदाण्याचं बटर एवढ्यावर भागवावं लागतं. पहिल्या दोन दिवसांचं खाणं तरी घरूनच न्या.

पाणी

तळांवरच्या हातपंपाचं पाणी आयोडीनने शुद्ध केलेलं असतं. त्याला वास येतो, पण ते पिण्यासारखं असतं. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या चवीची, क जीवनसत्त्व असलेली पूड टाकली की वास जातो. तपासणीत पाणी नापास झालं तर पंपाचं हँडल काढून ठेवतात. म्हणजे पुढच्या तळावर पाणी मिळेलच असं धरून चालता येत नाही. दोन बाटल्या आणि शिवाय दोन लिटरची पिशवी, एकूण साडेतीन लिटर, ही क्षमता हवी. आणि चालू पंप दिसला की निम्म्याहून कमी झालेली बाटली भरायचीच. कालव्यातलं साचलेलं किंवा नदीचं पाणी गाळूनही पिऊ नका, वरच्या अंगाला शेतं आणि जुन्या खाणी आहेत.

पाच दिवसांचा आराखडा

मैलाचे खांब जॉर्जटाउनपासून मोजलेले आहेत, म्हणून तुमच्या प्रवासात आकडे उतरत जातील. पायी आणि सायकलने येणाऱ्यांसाठी तीसच्या आसपास तळ आहेत. प्रत्येक ठिकाणी तंबूला जागा, टेबल, शेकोटीची कडी, फिरतं शौचालय आणि पंप असतो. एका प्रवासात एका तळावर एकच रात्र राहता येतं. शुल्क आणि आरक्षणाचे चालू नियम निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

पहिला दिवस, मैल १८४.५ ते इंडिगो नेक (मैल १३९.२), ७३ किलोमीटर. सर्वांत देखणा आणि सर्वांत एकाकी दिवस. मोबाइलला रेंज जवळपास नसते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. मैल १५६ ला पूल ओलांडून वेस्ट व्हर्जिनियातलं पॉ पॉ गाव आहे. खायला-प्यायला थांबण्याजोगं ते एकच ठिकाण धरा. त्याच्या लगेच पुढे पॉ पॉ बोगदा, ३,११८ फूट लांब. १८३६ मध्ये सुरू झालेला हा बोगदा १८५० मध्ये पुरा झाला, आत साठ लाखांहून जास्त विटा आहेत. आत सायकल हातात धरून चालायचं, हा नियम आहे आणि तो योग्य आहे: वाट अरुंद, ओलसर, खाचखळग्यांची आणि मध्ये काळोख. डोक्याला बांधायचा दिवा आगगाडीतच खिशात काढून ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. सायकल कठड्याच्या बाजूला धरा, स्वतः भिंतीच्या बाजूने चाला. पंधरा-वीस मिनिटं लागतात. समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला टेकून थांबायचं. लिटल ऑर्लिन्सजवळ (मैल १४०.९) मोटारीने येणाऱ्यांसाठीचा तळही आहे, इंडिगो नेक भरलेलं असेल तर तिथे बघा.

दुसरा दिवस, कंबरलँड व्हॅली तळापर्यंत (मैल ९५.२), ७१ किलोमीटर. हॅनकॉक (मैल १२४) हे कंबरलँडनंतरचं पहिलं खरं बाजाराचं गाव, कंबरलँडपासून ९७ किलोमीटरवर. इथे खाणं भरून घ्या. हॅनकॉकच्या दोन्ही बाजूंना वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल हा डांबरी सायकलमार्ग टोपाथला समांतर जातो. बिग पूलपासून लिटल ऑर्लिन्सपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर. रात्री पाऊस झाला असेल तर इथे अजिबात हट्ट न करता डांबरावर जा. पावसात हा दिवस वाचतो तो या मार्गामुळे. जेवायला आणि खरेदीला विल्यम्सपोर्ट. तिथला कोनोकोचीग जलसेतू दुरुस्त करून २०१९ मध्ये पुन्हा पाण्याने भरला आहे. तळ तिथून सात किलोमीटर पुढे.

तिसरा दिवस, हकलबेरी हिलपर्यंत (मैल ६२.९), ५२ किलोमीटर. मुद्दाम छोटा ठेवला आहे. मैल ८८ ते ८४ मध्ये बिग स्लॅकवॉटर: इथे कालवा खणलाच नव्हता, धरणाने थोपवलेल्या नदीतूनच नावा जात. पुरांनी वाहून गेलेली काठाची वाट २०१२ मध्ये काँक्रीटची करून पुन्हा उघडली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला सरळ नदी. ओलं असेल तर उतरून चाला. दुपारी शेफर्ड्सटाउनला (मैल ७२.७) पुलावरून जाऊन नीट जेवा. तळावर तंबू लावला की हार्पर्स फेरी जेमतेम साडेतीन किलोमीटर आहे. रेल्वेपुलाला लागून असलेल्या पादचारी पुलावर जायला जिना आहे, भरलेली सायकल वर नेणं कष्टाचं. म्हणून सामान तळावर ठेवून कुलूप घेऊन हलकं जा. १८५९ मध्ये जॉन ब्राउनने गुलामगिरीविरुद्ध शस्त्रागारावर हल्ला केला ते हेच गाव, आणि दोन नद्यांचा संगम पुलावरून समोर दिसतो. ते पाहण्यासाठी दिवस छोटा ठेवणं योग्यच आहे.

चौथा दिवस, हॉर्सपेन ब्रँचपर्यंत (मैल २६.१), ५९ किलोमीटर. ब्रन्सविकला (मैल ५५) नाश्ता आणि खरेदी. मैल ४२ ला मोनोकसी जलसेतू, सात कमानींचा, कालव्यावरचा सर्वांत मोठा. व्हाइट्स फेरीची नाव डिसेंबर २०२० पासून बंद आहे, त्यामुळे व्हर्जिनियाच्या बाजूला जायचा बेत तिच्या भरवशावर करू नका. पाचवा दिवस ४२ किलोमीटरचा. तो शनिवार-रविवारी येऊ देऊ नका. ग्रेट फॉल्सपासून (मैल १४) पुढे सुट्टीच्या दिवशी इतकी माणसं असतात की सायकल चालवण्यापेक्षा थांबणंच जास्त होतं.

तंबू नको असेल तर काही जुनी लॉकरक्षकांची घरं रात्रीपुरती भाड्याने मिळतात. आगाऊ आरक्षण लागतं, आणि काही घरांत वीज-पाणी नसतं. नोंदणी करताना ते बघून घ्या.

अंगाला काय होतं

गोचीड हा इथला खरा धोका, कारण तिच्यातून लाइम रोग होतो. गवतात पाय टाकून बसू नका, लांब मोजे घाला, आणि रोज झोपण्यापूर्वी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा. तेल किंवा पेटती काडी लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

पॉयझन आयव्ही ही तीन-तीन पानांची वेल वाटेच्या दोन्ही कडांना आणि झाडांच्या खोडांवर असते. तिच्या चिकाने कातडीवर खाजरे फोड येतात, आणि चीक हँडल व बॅगेवरूनही लागतो. सायकल झाडाला टेकवताना खोड आधी बघा. स्पर्श झाला असं वाटलं तर लगेच साबणाने धुवा. कॉपरहेड जातीचे विषारी साप उन्हात वाटेवर पडलेले असतात. थांबा, अंतर ठेवा, जाऊ द्या. ग्रेट फॉल्सच्या परिसरात नदीत पाऊलही टाकू नका, वरून शांत दिसणारं पाणी आत ओढतं आणि तिथे माणसं बुडतात.

खाण्याच्या पिशव्या रात्री तंबूत ठेवायच्या नाहीत. रॅकून तंबूची चेन उघडून आत शिरतात. दोरीने फांदीला उंच टांगा. उद्यानात कचराकुंड्या नाहीत, सगळा कचरा बरोबर न्यायचा. दोन जाड पिशव्या त्यासाठी ठेवा.

शेवटचे पाच किलोमीटर

फ्लेचर्स कोव्हपाशी (मैल ३.१) टोपाथ सोडून शेजारच्या डांबरी कॅपिटल क्रेसेंट ट्रेलवर या. जॉर्जटाउनच्या आतला टोपाथ अरुंद, दगडी आणि गर्दीचा आहे, भरलेल्या बॅगा लोकांना लागतात. ट्रेल संपला की नदीकाठाने रॉक क्रीकच्या मुखाकडे जा. शून्य मैलाचा खांब थॉम्पसन बोट सेंटरच्या मागे, पाण्याच्या अगदी कडेला आहे, आणि पाट्या नसल्यामुळे बरेच जण तो न पाहताच परततात. युनियन स्टेशन गाठायचं असेल तर तिथून नदीकाठच्या सायकलवाटेने लिंकन स्मारकापर्यंत आणि मग नॅशनल मॉल या लांब हिरवळीच्या कडेने कॅपिटलकडे, म्हणजे संसद भवनाकडे, जा. अर्धा तास पुरतो.

घरी गेल्यावर त्याच दिवशी चेन, डिरेलरच्या चक्र्या आणि ब्रेक धुऊन पुसा. तीनशे किलोमीटरची ती बारीक खडी तेलात मिसळून घासत राहते आणि आठवडाभर तशीच ठेवली तर चेनबरोबर कॅसेटही (मागच्या गिअरची चक्रं) बदलावी लागते. तंबू पूर्ण उघडून वाळवा, आणि बॅगा आत आणण्यापूर्वी बाहेरच साबणाच्या पाण्याने पुसा, आयव्हीचा चीक त्यावर बरेच महिने टिकतो.